कोडे दारावर असावे की वर्गात?

एका न्यायालयात एकाच दिवशी सहा दावे सुनावणीस घ्यायचे आहेत: क, ख, ग, घ, प आणि फ. नियम चार आहेत. क झाला की लगेच ख घ्यायचा. ग हा प च्या आधी कधीतरी व्हायला हवा. घ एकतर सगळ्यांत पहिला, नाहीतर सगळ्यांत शेवटचा. आणि घ शेवटी असेल तरच ग दुसऱ्या क्रमांकावर घेता येईल. आता समजा, घ पहिला घेतला. मग फ तिसऱ्या क्रमांकावर येऊ शकतो का?

नियमांत फ चा उल्लेखही नाही, त्यामुळे पहिले उत्तर ‘का नाही येणार?’ असेच सुचते. पण दुसरी जागा कोणाला मिळू शकते ते पाहावे. ग ला ती बंद आहे, कारण घ शेवटी नाही. प ला बंद आहे, कारण त्याच्या आधी ग यावा लागतो. ख लाही बंद आहे, कारण त्याच्या लगेच आधी क हवा आणि पहिली जागा तर घ ने अडवली आहे. उरले क आणि फ. दुसरा क असेल तर तिसरा ख ठरलेलाच. आणि दुसरा फ असेल तर तो तिसरा कसा असेल? म्हणजे ज्याच्याविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही, त्या फ ला तिसरी जागा कधीच मिळत नाही. सहा दावे मांडण्याच्या एकूण ७२० रीती असतात. घ पहिला धरून हे नियम लावले की त्यांतल्या फक्त सहा उरतात.

हे कोडे मी लेखासाठी तयार केले आहे आणि ते सोपे आहे. परंतु याच जातीची, याहून बरीच अवघड कोडी अमेरिकेतील विधी महाविद्यालयांच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे एलसॅटमध्ये, १९८२ पासून विचारली जात होती. पस्तीस मिनिटांत चार कोडी आणि त्यांवर तेवीस-चोवीस प्रश्न, म्हणजे एका कोड्याला पावणेनऊ मिनिटे. परीक्षार्थींच्या भाषेत त्यांना ‘लॉजिक गेम्स’ म्हणत. जून २००९ च्या परीक्षेतील खेळण्यातल्या डायनासोरांचे आणि त्यांच्या रंगांचे कोडे, किंवा सप्टेंबर २०१६ मधील संगणकांच्या जाळ्यात पसरणाऱ्या व्हायरसचे कोडे, यांची आठवण काढताना त्या पिढीतील वकील अजूनही कपाळाला हात लावतात. जून २०२४ च्या परीक्षेत ही कोडी शेवटची दिसली. ऑगस्ट २०२४ पासून तो भाग काढून टाकण्यात आला.

यावर दोन तट पडले. एका बाजूचे म्हणणे असे की परीक्षा पातळ झाली. वकिलाच्या डोक्याला धार आहे की नाही हे पाहणारा एकमेव भाग गेला. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की वकिलाला आयुष्यात कधीही डायनासोर रांगेत मांडावे लागत नाहीत, तेव्हा बरे झाले. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात. कोडी प्रवेशाच्या दारावरून हटवली हे योग्यच झाले. पण ती निरुपयोगी होती म्हणून नव्हे, तर ती शिकता येतात म्हणून. आणि जे शिकता येते व कामाचेही आहे, ते शिकवण्याची जबाबदारी दाराच्या आतल्यांची आहे.

न्यू जर्सीत वाढलेल्या माझ्या भाचीने २०२३ मध्ये या परीक्षेची तयारी केली. तिच्या वह्या मी पाहिल्या आहेत. प्रत्येक पानावर सात-आठ रिकाम्या आडव्या रेघा, त्यांवर अक्षरे, अक्षरांखाली बाण, कुठे ‘ग–प’ असे जोडलेले, कुठे एखादे अक्षर काट मारून खालच्या रेघेवर ढकललेले. बाजूला स्टॉपवॉचवरची वेळ लिहिलेली: चौदा मिनिटे, साडेबारा, अकरा. एकच कोडे ती तीन-तीन वेळा सोडवायची; पहिल्यांदा उत्तरासाठी, दुसऱ्यांदा वेळेसाठी आणि तिसऱ्यांदा, तिच्याच शब्दांत, ‘आपण पहिल्या मिनिटाला कुठे आंधळेपणाने पुढे गेलो’ ते शोधण्यासाठी. मार्चमध्ये तिला तेविसांपैकी दहा-अकरा प्रश्न जमत. सप्टेंबरपर्यंत एखाद-दुसराच चुकू लागला. उताऱ्यांच्या विभागात मात्र त्याच सहा महिन्यांत तिचे गुण जेमतेम हलले.

एका मुलीच्या अनुभवावरून सिद्धांत मांडू नये, हे खरे. पण या परीक्षेची शिकवणी घेणारे वर्षानुवर्षे हेच सांगत आले होते की कोडी, उतारे आणि युक्तिवाद या परीक्षेतील तिन्ही प्रकारांत सर्वाधिक सुधारणा कोड्यांत होते. नवख्याला ती भिंतीसारखी वाटतात. शे-दीडशे कोडी सोडवली की त्यांचे मोजके साचे दिसू लागतात: रांग लावणे, गट पाडणे, काहींना निवडून काहींना वगळणे, आणि या तिघांची सरमिसळ. साचा ओळखला की अर्धे काम झाले. आता हेच प्रवेशपरीक्षेच्या बाजूने पाहिले तर काय दिसते? ज्या विभागात सहा महिन्यांच्या सरावाने माणूस तळातून वर येतो, तो विभाग उपजत बुद्धी मोजत नाही, सहा महिने मोजतो. आणि सहा महिने सगळ्यांकडे सारखे नसतात. भाचीला राहायला आईवडिलांचे घर होते आणि दिवसाचे चार तास मोकळे होते. दोन पाळ्यांत काम करून पदवी पूर्ण करणाऱ्याला ते चार तास कुठून मिळणार? शिवाय २०२० मध्ये परीक्षा घरून देण्याची सोय करताना तिचे स्वरूप आखडले आणि आधी एकूण गुणांत सुमारे चौथा हिस्सा असलेल्या कोड्यांचा वाटा तिसऱ्या हिश्श्यावर गेला. सरावाची किंमत आपोआप वाढली.

कोडी गेली ती मात्र या कारणाने गेली नाहीत. त्यामागे एका अंध माणसाचा दीर्घ लढा आहे. मिशिगनमधील अँजेलो बिन्नो यांनी २०११ मध्ये अमेरिकन बार असोसिएशनविरुद्ध दावा लावला. विधी महाविद्यालयांना मान्यता देताना ही संस्था प्रवेशपरीक्षेचा आग्रह धरते आणि त्या परीक्षेतील कोडी आकृती काढल्याशिवाय सोडवता येत नाहीत, हा अंध उमेदवारांशी भेदभाव आहे, असे त्यांचे म्हणणे होते. तो दावा अपिलातही फेटाळला गेला. मग २०१७ मध्ये त्यांनी परीक्षा घेणाऱ्या लॉ स्कूल अ‍ॅडमिशन कौन्सिललाच न्यायालयात खेचले. ऑक्टोबर २०१९ मध्ये तडजोड झाली: विश्लेषक तर्कशक्ती मोजण्याचे अन्य मार्ग कौन्सिलने चार वर्षांत शोधावेत. त्या मुदतीच्या अखेरीस, ऑक्टोबर २०२३ मध्ये, कौन्सिलने जाहीर केले की कोडी काढून टाकली जातील आणि त्यांच्या जागी युक्तिवादावरील प्रश्नांचा आणखी एक विभाग येईल.

येथे एक युक्तिवाद नेहमी केला जातो, तो बाजूला सारण्याजोगा नाही. अंध उमेदवाराला ब्रेल प्रश्नपत्रिका द्यावी, जादा वेळ द्यावा, वाचक द्यावा. अख्खा विभागच रद्द कशाला? उत्तर असे की या सवलती वाचण्याची अडचण दूर करतात, मांडण्याची करत नाहीत. डोळस उमेदवार कोडे डोक्यात सोडवत नाही, कागदावर सोडवतो. रेघांवर अक्षरे ठेवतो, उचलतो, पुन्हा ठेवतो. अर्धी स्मृती कागदाला उधार देतो. म्हणजे परीक्षा मोजत होती तर्क अधिक नजर, आणि गुणपत्रिकेवर लिहीत होती नुसता तर्क. अंध वकील साक्षी-पुरावे आणि तारखा आपल्या पद्धतीने लक्षात ठेवतोच की. त्यासाठी त्याला पावणेनऊ मिनिटांत जाळी आखावी लागत नाही. आपल्याकडेही मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, दृष्टी नाही एवढ्याच कारणावरून कोणालाही न्यायिक सेवेतून वगळता येणार नाही, असा निर्वाळा दिला. जो न्यायाधीश होऊ शकतो, त्याला विद्यार्थी होण्यापासून एका आकृतीने अडवावे, यात अर्थ नाही.

कोडी काढल्याने एकूण गुणांवर जवळजवळ काही परिणाम होत नाही आणि पहिल्या वर्षातील यशाचा अंदाज नवी परीक्षाही तितकाच देते, असे कौन्सिलने तेव्हा सांगितले. हे विधान वाचून मला भाचीच्या वह्या आठवल्या.

इथवर सगळे सरळ आहे. खरी अडचण पुढे आहे आणि आपल्याकडच्या चर्चेत तिचा उल्लेख फारसा होत नाही.

त्या कोड्यांत एक गुण होता: त्यांची भाषा साधी होती. ‘अमका तमक्याच्या आधी येतो’, ‘हे दोघे एका गटात नसतात’, एवढीच. ज्याच्या घरात इंग्रजी बोलली जात नाही, ज्याने जाडजूड इंग्रजी मासिके वाचलेली नाहीत, पण ज्याचे डोके नीट चालते, अशा मुलाला या विभागात इतरांच्या बरोबरीने धावता येत होते. तो विभाग गेला आणि नवी परीक्षा आता संपूर्णपणे दाट इंग्रजी गद्यावर उभी आहे. एकावरचा अन्याय दूर करताना वजन कोणाच्या खांद्यावर सरकले, हा हिशेब कोणीतरी मांडायला हवा होता.

हाच बदल भारतात चार वर्षे आधी होऊन गेला, आणि तो अंध उमेदवारांचा विचार करूनही झालेला नाही. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट ही सामाईक परीक्षा २००८ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्यात दोनशे प्रश्न असत आणि त्यांत तर्कशक्तीचा स्वतंत्र विभाग. बैठकव्यवस्था, नातेसंबंध, सांकेतिक भाषा, ‘सर्व अ हे ब आहेत’ छापाचे संवाक्य, असा सगळा नेहमीचा माल. २०२० पासून परीक्षेचे रूप बदलले. प्रश्न दीडशे झाले, पुढे २०२४ च्या परीक्षेपासून एकशेवीस. आणि प्रत्येक विभाग उताऱ्यांवर बेतला गेला. सुमारे साडेचारशे शब्दांचा उतारा वाचायचा, मग त्यावर चार-सहा प्रश्न. तर्काचा विभागही तसाच. दोन तास अखंड इंग्रजी वाचन. परीक्षा फक्त इंग्रजीत होते.

बदलाच्या समर्थकांचा मुद्दा मला समजतो. वकिलाचे काम वाचनाचे आहे, उच्च न्यायालयांची भाषा इंग्रजी आहे, घोकलेल्या युक्त्यांपेक्षा आकलन तपासणे चांगले. पण महाराष्ट्रात १९९८ पासून जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. लातूर-परभणीच्या न्यायालयात उद्या जो दिवाणी दावा उभा राहील, त्याची कैफियत मराठीत लिहिली जाईल. तिथला मराठी माध्यमाचा, बारावीच्या गणितात पक्का असलेला मुलगा बैठकव्यवस्थेचे कोडे दोन मिनिटांत सोडवतो आणि साडेचारशे शब्दांच्या इंग्रजी उताऱ्याच्या तिसऱ्या ओळीत अडकतो. तो तर्कात कच्चा आहे, असे म्हणता येईल का? आपल्या राज्याची विधी सीईटी या बाबतीत तरी उदार आहे. तिथे प्रश्न इंग्रजीबरोबर मराठीतही असतात, तर्कशक्तीचे प्रश्न थेट विचारले जातात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. पण राष्ट्रीय विधी विद्यापीठांची दारे तिच्याने उघडत नाहीत; अगदी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्राच्या स्वतःच्या तीन राष्ट्रीय विधी विद्यापीठांचीसुद्धा.

मग कोडी परत आणावीत का? मोह होतो, पण नाही. मराठी माध्यमाच्या मुलाला न्याय द्यायचा तर त्याला त्याच्या भाषेत प्रश्न द्यावा. त्याच्यासाठी अंध मुलाचा मार्ग पुन्हा अडवू नये. आणि कोडी परतली की त्यांच्यामागे त्यांचे क्लास, त्यांचे क्रॅश कोर्स, त्यांच्या ‘एलिमिनेशन’च्या युक्त्याही परततील. पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यापासून कोट्यापर्यंत आपण हा बाजार पुरेसा पाहिला आहे. ज्याच्याकडे फी आहे तो कोड्यात हुशार ठरेल आणि आपण त्याला गुणवत्ता म्हणू.

तरीही ही कोडी निरुपयोगी आहेत, असे जे म्हणतात त्यांच्याशी माझे जमत नाही. त्यासाठी वरच्या कोड्यातील चौथा नियम पुन्हा पाहावा: ‘घ शेवटी असेल तरच ग दुसरा’. यातला ‘च’ काढून ‘घ शेवटी असेल तर ग दुसरा’ असे केले, की घ, ग, फ, क, ख, प हा क्रम बिनदिक्कत चालतो आणि फ तिसऱ्या जागी येऊन बसतो. एका अक्षराने उत्तर उलटते. ‘तर’ एक बंधन घालतो, ‘तरच’ दुसरे. आणि ‘तरच’ वाचून ‘म्हणजे घ शेवटी आला की ग दुसरा आलाच पाहिजे’ असे समजणारे निम्मे विद्यार्थी मी वर्गात पाहिले आहेत. सरकारी जाहिरातीत ‘कागदपत्रे पूर्ण असतील तरच अर्जाचा विचार केला जाईल’ असे छापलेले असते आणि लोक ते ‘कागदपत्रे पूर्ण केली की काम झाले’ असे वाचतात. मराठीने हा फरक इतका नेटका एका ‘च’ मध्ये बसवला आहे, की तो कानावरून सहज निसटतो. कायद्याची कलमे, त्यांखालील परंतुके, परंतुकांवरची स्पष्टीकरणे ही सगळी अशाच ‘तर’, ‘तरच’, ‘खेरीज’ आणि ‘तोपर्यंत’ यांनी बांधलेली असतात. सरावाने जे मिळते ते हेच: जे असलेच पाहिजे, जे असू शकते आणि जे असूच शकत नाही, यांच्यात गल्लत न करण्याची सवय.

याची एक मर्यादाही सांगायला हवी. कोड्यात नियम दिलेले असतात आणि ते खरे मानायचे असतात. न्यायालयात भांडण बहुधा त्याच्या आधीच सुरू होते: ग खरोखर प च्या आधी आला होता का, हे कोण सांगणार आणि त्याच्यावर विश्वास का ठेवायचा? कोडी सोडवणारा मुलगा साक्षीदार ओळखायला शिकत नाही. म्हणून ती वकिलीची परीक्षा होऊ शकत नाहीत. वकिलीचा व्यायाम होऊ शकतात, एवढेच.

आता हा व्यायाम कुठे व्हावा? आपल्याकडील काही विद्यापीठांच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमांत तर्कशास्त्र हा विषय आहेही. पण माझ्या पाहण्यात तो बहुधा व्याख्या आणि संवाक्यांची लॅटिन नावे पाठ करण्यावर भागतो. परीक्षेत पाच गुणांची टीप लिहिली की विषय संपतो. ज्या मुलाने प्रवेशासाठी दोनशे कोडी सोडवली, त्याला आत आल्यावर एकही सोडवावे लागत नाही, आणि ज्याने बाहेर एकही सोडवले नाही त्याला आतही कोणी शिकवत नाही. दारावर ज्याची एवढी कडक तपासणी केली ते आत गेल्यावर कोणालाच लागत नाही, हा विरोधाभास अमेरिकेइतकाच आपलाही आहे.

डायनासोरांची गरज नाही. चेक न वटण्याचे प्रकरण घ्यावे; परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८, ज्याच्या फायली प्रत्येक तालुका न्यायालयात ढिगाने असतात. चेक मुदतीत बँकेत सादर झालेला असला पाहिजे. तो परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांच्या आत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पैसे दिले नाहीत तरच गुन्हा घडतो. आणि तिथून एका महिन्यात तक्रार दाखल व्हायला हवी. आता विद्यार्थ्यांसमोर तारखा ठेवाव्यात: नोटीस आरोपीला ३ मार्चला मिळाली, तक्रार १७ मार्चला दाखल झाली. चेक खरा, सही खरी, देणे खरे, आणि तरीही तक्रार टिकत नाही, कारण पंधरा दिवस संपलेलेच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हे स्पष्ट केले, आणि त्याबरोबर हेही, की अशा तक्रारदाराला नव्याने तक्रार दाखल करता येते व झालेल्या विलंबासाठी माफी मागता येते. मग पुढचा प्रश्न: नोटीस बत्तिसाव्या दिवशी गेली असती तर हीच वाट उरली असती का? तीस दिवसांची अट ‘तर’ आहे की ‘तरच’? दिवस मोजताना पहिला दिवस धरायचा की सोडायचा? प्रत्येक तारीख एक दिवस पुढे-मागे सरकवून पाहिली की कुठली सरकवता येते आणि कुठली नाही, हे मुलांना स्वतःच दिसू लागते.

हा धडा पहिल्याच सत्रात एका तासात घेता येतो. डोळस मुलांकडून फळ्यावर, आणि ज्याला दिसत नाही त्याच्याकडून तोंडी किंवा ब्रेल पट्ट्यांवर, वेळेची घाई न करता. त्यासाठी नवा विषय मंजूर करून घेण्याचीही गरज नाही. दस्तलेखन आणि कैफियत लिहिण्याचा विषय प्रत्येक महाविद्यालयात सक्तीचा आहे. त्याचे पहिले दोन आठवडे यासाठी द्यावेत आणि कलम १३८ च्या दहा फायली, नावे झाकून, मराठीत, मुलांच्या हाती ठेवाव्यात.